नावांखालची मोकळी जागा

प्रणिता दातारचा कोणाच्याही शब्दावर चटकन विश्वास बसत नसे. हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपरीवर शाकाहारी म्हणून दिलेल्या नूडल्सही ती काट्याने उकरून पाही आणि मगच घास घेई. बेटावरच्या बुकित बातोक वस्तीतल्या तिच्या फ्लॅटमध्ये या सवयीची रोज टिंगल होई. "आई, यू सस्पेक्ट एव्हरीवन, लाह," असं इथल्या इंग्रजीच्या ढंगात म्हणत तिची लेक निहारिका ताट उचले. पण विद्यापीठाच्या नकाशा विभागातली प्रणिताची नोकरी याच स्वभावावर उभी होती. जुने भूनकाशे स्कॅन करून आजच्या उपग्रह-चित्रांवर बसवले जात, आणि ते बरोबर बसले आहेत याची खात्री करून अखेरची सही प्रणिता करी.

त्या आठवड्यात तिच्यापुढे हिमालयापलीकडच्या थंड वाळवंटातल्या खर्मोलुंग या गावाची जुनी शीट आली. काम सारंगचं होतं. सारंग पुण्याहून आलेला, हुशार, बोलका पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचा संशोधक. त्याच्या प्रकल्पाला एका सौरऊर्जा कंपनीचा आधार होता. कंपनीला एवढंच हवं होतं, की गावावरचं पठार पूर्वापार ओसाड आहे, असं विद्यापीठाने लेखी सांगावं. तसं सांगितलं की पठाराला कुंपण पडणार होतं, आणि खर्मोलुंगच्या शेळ्यामेंढ्यांना उन्हाळ्यात जायला जागा उरणार नव्हती.

स्क्रीनवरचं पठार खरोखरच कोरं होतं. मात्र त्या कोऱ्या जागेवर मधूनमधून नावं छापलेली होती. प्रणिताला ती नावं खटकली. जिथे काही नाही त्या जागेला नाव द्यायला कोण कशाला जाईल?

दुपारी जेवताना तिने सरळ विचारलं.

"सारंग, पठारावर नावं आहेत आणि नावांखाली काहीच नाही."

"टेकड्यांची असतील, ताई."

"टेकडीजवळ उंचीचा आकडा असतो. इथे नाही."

"वाळवंट आहे हो ते! तुम्ही तर उपग्रहाकडेही ओळखपत्र मागाल."

"मागेन. तुझ्याकडेही मागेन. पठार ओसाड निघालं तर सोय तुझीच आहे ना?"

सारंगचा चमचा लाक्साच्या तिखट रश्शातच थांबला. "तुम्हाला काय म्हणायचंय?"

"अजून काही म्हटलेलं नाही. विचारतेय."

परत आल्यावर तिने फाइलवर झालेल्या प्रत्येक क्रियेची नोंद तपासली. नेहमीच्या क्रियांपलीकडे सारंगने हाताने काहीही पुसलेलं नव्हतं. दुसऱ्या कुणालाही त्याला निर्दोष मानायला एवढं पुरलं असतं. प्रणिताचा संशय मात्र त्यामुळेच बळावला. इतकं स्वच्छ काम करणारा माणूस सावध असणार, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. रात्री जेवताना तिने हे नवऱ्याला सांगितलं.

"म्हणजे गुन्हेगार सापडला, आता गुन्हा शोधायचा," उद्धव म्हणाला.

"त्याचा चमचा थांबला होता."

"लाक्सा गरम असेल."

दुसऱ्या दिवशी तिने शीतकक्षातून मूळ कागदी शीट मागवली आणि भिंग लावलं. पहिल्या नावाखाली बारीक काळ्या ठिपक्यांचं एक कडं होतं. दगडी मेंढवाडा दाखवायची त्या नकाशाची ती खूण होती. दुसऱ्या नावाखाली झरा. एका नावापासून दुसऱ्यापर्यंत तुटक ठिपक्यांची पायवाट. आणि या सगळ्याच्या आसपास तपकिरी ठिपके विखुरले होते. ते बुरशीचे होते. शीतकक्षात येण्याआधी या दमट बेटावर वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या कागदाला ती लागली होती.

प्रणिताने भिंग खाली ठेवलं. विभागाची रीत अशी, की शीट काळ्यापांढऱ्यात स्कॅन झाली की आधी संगणकावर सफाईचा आदेश चालवायचा, म्हणजे सुटे बारीक ठिपके एका फटक्यात जातात. किनाऱ्याकडच्या, बुरशीने खाल्लेल्या शीटांसाठी बसवलेली ही सफाई सगळेच निर्धास्तपणे चालवत. आज सकाळीच एका खाडीच्या नकाशावर तिने स्वतः ती चालवली होती. इथे बसलेल्यांना ठिपका म्हणजे बुरशी. आणि पठारावर उन्हाळ्यापुरत्या येणाऱ्या माणसांच्या साऱ्या खुणा ठिपक्यांच्याच होत्या. काळ्यापांढऱ्यात दोन्ही सारखेच दिसले, आणि दोन्ही गेले.

तिने सारंगला बोलावून घेतलं. तो भिंगावर वाकला.

"मी नेहमीचीच सफाई केली होती, ताई."

"ठाऊक आहे. पण नावं तुला दिसली होती."

"दिसली होती," तो वर न पाहता म्हणाला. "आणि तुम्हाला? याआधीच्या शीटांवर अशी नावं कधीच दिसली नव्हती?"



संध्याकाळी ठिपक्यांसकट पठार अहवालात गेलं. ते ओसाड असल्याचं वाक्य तिने काढून टाकलं आणि त्या जागी लिहिलं, की जुन्या नकाशात पठारावर मेंढवाडा, झरा आणि वाट नोंदलेली आहे, आणि विभागाच्या सफाईत या खुणा पुसल्या गेल्या होत्या. सारंगबद्दल तिने एक अक्षरही लिहिलं नाही. त्याने ती नावं पाहूनही तोंड का मिटलं, हा संशय तिच्या मनातून गेला नव्हता. पण संशय हा काही पुरावा नव्हे, आणि तोच प्रश्न आता तिच्याकडेही वळला होता.

मग तिने स्वतःच्या सहीने बाहेर गेलेल्या वाळवंटी शीटांचा जुना खण ओढला, पहिली शीट टेबलावर पसरली, आणि खाली काहीच नसलेलं नाव शोधू लागली.