अण्णांच्या मशीनमधला कप्पा

भुताखेतांच्या गोष्टींची मी कायम टिंगल करत आले. सर्व्हर सांभाळणं हे माझं पोटापाण्याचं काम. तिथे प्रत्येक बिघाडाला कारण असतंच, आपल्याला सापडलेलं नसतं इतकंच. म्हणून हे लिहिताना माझा मलाच राग येतोय...

मी मूळची निपाणीची, बेंगळुरूत राजाजीनगरला भाड्याने राहते. खाली घरमालकीण अक्का आणि त्यांची नात वैष्णवी. पिढ्यान्‌पिढ्या इथेच रुजलेलं, बोलण्यात कानडी मिसळलेलं मराठी घर. अक्कांचे यजमान अण्णा निवृत्तीनंतर हौसेने कॉम्प्युटरवर लिनक्स शिकले होते. गेल्या उन्हाळ्यात ते वारले. आजारपणात त्यांनी वैष्णवीच्या साखरपुड्यासाठी त्याच मशीनवर आशीर्वाद रेकॉर्ड करून ठेवला होता - त्याच दिवशी ऐकायचा, आधी नाही! साखरपुडा दसऱ्याला ठरला. आदल्या दिवशी सकाळी वैष्णवीने अण्णांचं मशीन लावलं, तर ते सुरूच होईना. तिने मला खाली बोलावलं.

स्क्रीनवर इमर्जन्सी मोड. 'होम' माउंट होत नाही, म्हणजे सापडत नाही म्हणे. सोप्या भाषेत सांगायचं तर त्या डिस्कमध्ये दोन कप्पे होते. एकात सिस्टिम, आणि होममध्ये अण्णांच्या सगळ्या फाइल्स. मला वाटलं, कप्प्याचा नंबर बदलला असेल आणि सेटिंगमध्ये जुनाच राहिला असेल. हातासरशी होणारं काम! पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून डिस्कवर कोणते कप्पे आहेत ते पाहिलं... सिस्टिमचा होता. होम नव्हताच. पुन्हा पाहिलं, तेच. स्क्रीनचा फोटो काढून ऑफिसातल्या मित्राला पाठवला.

"डिलीट झालाय. विसर आता," तो म्हणाला.

वैष्णवी नुसती नखं खात उभी राहिली. मला तिच्याकडे बघवेना. तेवढ्यात अक्का हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या.

"पुरे ग आता. आज आयुध पूजा. यंत्राला हात लावायचा नाही."

"अक्का, उद्या कार्यक्रम आहे! आज नाही तर कधी?"

"स्वल्प दम खा की. त्यालाबी विश्रांती नको काय?" असं म्हणून त्यांनी सरळ प्लग ओढला!

असा संताप झाला माझा... आमच्याकडेही खंडेनवमीला हत्यारं पुजतात, पण अर्धवट कामातून मशीन कोणी उपटून नेत नाही. सीपीयू हॉलमध्ये पाटावर गेला, मिक्सर आणि शिलाई मशीनच्या शेजारी. त्याला कुंकू, वर झेंडूचा हार. बाहेर रस्त्यावर पूजेच्या गाड्यांपुढे दृष्ट काढायला कोहळे फुटत होते आणि मी वरच्या खोलीत येरझाऱ्या घालत तोच फोटो मोठा करकरून बघत होते. जेवणही गेलं नाही.

दसऱ्याला सकाळी अक्कांनी पूजा हलवली. "सरी, झालं. ने आता." मी केबल जोडल्या आणि घाईत पेनड्राइव्ह लावायचाच विसरले. मशीन सरळ सुरू झालं. अण्णांचं लॉगिन, अण्णांच्या फाइल्स... मी किंचाळलेच.

कार्यक्रमात अण्णांचा आवाज लागला. "वैषू, मी तिथं नाही म्हणून रडत बसू नको ग. आधी पोटभर जेव." सगळे रडता रडता हसले.

संध्याकाळी मला राहवेना. होम कप्प्याची माहिती काढली. आतल्या फाइल्स जुन्याच, पण कप्पा तयार झाल्याची वेळ आदल्या दुपारची! तेव्हा सीपीयू पाटावर होता, वायर गुंडाळून. मशीनचं घड्याळ तपासलं, बरोबर होतं. आधी केबल सैल असेल, मी नीट वाचलं नसेल - सगळं मान्य. पण मग ती दुपारची वेळ कुठून आली? मित्राला विचारलं तर तो विषयच बदलतो.

फाइल्सच्या प्रती मी काढून ठेवल्यात. मशीन मात्र त्या दिवसापासून चालूच आहे, बंद करायचा धीर होत नाही. काल वैष्णवी हळूच म्हणाली, "ताई, एकदा बंद करून परत लावून बघूया का? आजोबांचं अजून काहीतरी येईल..."

असं काही होत नसतं, हे तिला सांगायला माझी जीभ रेटली नाही.