डबे बघायला माणसं येणार

उम्म अल कुवैनमधल्या एका कमी फीच्या इंडियन शाळेत फिरदोस आया होती. आया म्हणजे पडेल ते काम. सकाळी बसमधून पोरं आणायची, त्यांची नाकं पुसायची, बाथरूमला न्यायचं, मधल्या सुट्टीत घट्ट बसलेली डब्यांची झाकणं उघडून द्यायची आणि दुपारी तीच पोरं ज्याच्या त्याच्या दारात सोडायची. श्रीवर्धनहून नवऱ्याच्या मागे ती इथे आली तेव्हा दोन वर्षांत परतायचं ठरलं होतं. नवरा गेला, लेक लग्न होऊन म्हसळ्याला नांदू लागली आणि फिरदोस मात्र इथेच राहिली. साठीला टेकलेली बाई, गुडघे कुरकुरणारे, आवाज असा की ड्रायव्हरसुद्धा दचकावा. पोरं तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत आणि तिच्यापुढे चिडीचूप असत.

अमिरातीत गरिबी दिसत नाही. फाटके कपडे घालून कुणी रस्त्यावर बसलेलं नसतं. सगळ्यांच्या घरात एसी, सगळ्यांच्या हातात मोबाइल, पोरांच्या अंगात इस्त्रीचा युनिफॉर्म. एका फ्लॅटमध्ये तीन कुटुंबं पडदे लावून राहतात हे रस्त्यावरून जाणाऱ्याला कसं कळावं? फिरदोसला कळायचं, कारण ती डबे उघडायची. कालचा कोरडा भात, साखर भुरभुरलेली खुबूस रोटी, एक दिरहमचं चिप्सचं पाकीट, नुसती बिस्किटं. निम्म्याहून जास्त वर्गाचं जेवण हे असं. आणि तरी या पोरांच्या आया जमल्या की गप्पा चालायच्या त्या कुणाच्या घरी काय नवं घेतलं याच्या! फिरदोसला त्याचा भयंकर राग यायचा.

पहिलीतली उमैमा तर आपला डबा कुणाला उघडूच द्यायची नाही. झाकण जरासं वर करायचं, हात आत घालायचा, तोंडाशी न्यायचा आणि चावायचं. बरेच दिवस फिरदोसला वाटलं, पोर लाजाळू आहे. मग एकदा मागून जाताना तिची नजर आत गेली. डबा धुऊन पुसून लख्ख होता, आणि आत काहीच नव्हतं. पोर हवा चावत होती.

त्या दिवसापासून ती आपल्या डब्यातली अर्धी तांदळाची भाकरी उमैमाला देऊ लागली. त्यातही विघ्न आलंच. एका मुलाला शेजारच्याचे शेंगदाणे खाऊन अंगभर गांधी उठल्या आणि शाळेने नियम केला की कुणी कुणाला आपलं खाणं द्यायचं नाही. नियम चुकीचा होता असंही नाही. मग फिरदोस उमैमाला बाथरूमच्या बाजूच्या बोळात न्यायची आणि फिनेलच्या वासात ती पोर उभ्याउभ्या भाकरी खायची. तेवढ्यानेही भागत नव्हतं. एके सकाळी प्रार्थनेच्या रांगेत ती खाली कोसळली. नर्सने विचारलं, ‘ब्रेकफास्ट केलास का?’ तर म्हणाली, ‘येस मिस.’

उमैमाचा बाप रिझवान इंडस्ट्रियल एरियात गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करायचा. कागदावर त्याचा पगार चार हजार, कारण त्याहून कमी पगारावर बायको-मुलीचा व्हिसा अडला असता. हातात पडायचे अडीच, तेही मालकाच्या मर्जीने. आता गॅरेजला काम नव्हतं आणि पगार बंद होता. त्याची बायको शहनाझ फिरदोसच्या माहेरच्या बाजूची, म्हसळ्याजवळची. दिसायला हसतमुख, बोलायला गोड, आणि अभिमान असा की उसनी मिरचीसुद्धा मागणार नाही.

शाळेच्या प्रिन्सिपॉल रंजिता मॅडम अशा पोरांसाठी वर्षभर धडपडत होत्या. शारजातल्या व्यापाऱ्यांचा एक ट्रस्ट होता, तो शाळांना दुपारचं जेवण द्यायचा. आधी मॅडमनी गरजू पालकांना पगाराचे दाखले आणायला सांगितलं होतं, पण फक्त दोघांनी आणले. बाकीच्यांनी का आणावेत? दाखल्यावर चार हजार लिहिलेले, म्हणजे जेवण नाही. खरं सांगावं तर व्हिसाची भीती. आणि ज्या दोन पोरांना जेवण मिळालं त्यांना वर्गाने ‘फ्री फूड’ असं नाव पाडलं. आठवड्याभरात त्या दोघांनीही जेवण सोडलं.

मग मॅडमनी ट्रस्टशी भांडून वेगळी वाट काढली. जेवण द्यायचं तर सगळ्या शाळेला द्या, म्हणजे कोण गरीब ते कुणाला कळणार नाही. ट्रस्टची अट होती की अर्ध्याहून जास्त मुलं गरजू असल्याचं दिसलं पाहिजे. मॅडम म्हणाल्या, कागद मागू नका, कागद खोटे असतात. एक दिवस या आणि मधल्या सुट्टीत पोरांचे डबे बघा. ट्रस्टने ते मान्य केलं.

आदल्या दिवशी मॅडमनी फिरदोसला केबिनमध्ये बोलावलं.

‘खाला, उद्या ट्रस्टवाले व्हिजिटला येतायत. डबे बघणार आणि डिसाइड करणार. पास झालो तर पुढच्या महिन्यापासून प्रत्येक मुलाला गरम जेवण. पण कुणाला बोलायचं नाही हं. नॉर्मल दिवस दिसला पाहिजे.’

‘माझ्या तोंडून शब्द नाय जायचा, मॅडम,’ फिरदोस म्हणाली, आणि ती खरंच तसं ठरवून बाहेर पडली.

पण बसमध्ये तिच्या डोक्यात वेगळंच घोळायला लागलं. घरात अगदी काहीच नसलं की शहनाझ उमैमाला शाळेतच पाठवायची नाही, पोट दुखतंय म्हणून कळवायची. उद्या नेमकी तीच पोर नसली तर? जिच्यासाठी हे सगळं करायचं तिचाच डबा कुणी बघणार नाही. बिल्डिंगखाली शहनाझ पोरीला घ्यायला उभी होती. फिरदोस गुडघे सांभाळत उतरली आणि तिला बाजूला घेतलं.

‘शहनाझ, उद्या पोरीला नक्की पाठव. काही झालं तरी पाठव.’

‘का हो खाला? उद्या काय आहे?’

‘उद्या मोठी माणसं यायची आहेत. पोरांचे डबे बघायला.’

पुढचं वाक्य तिच्या ओठांवर होतं. डबा रिकामाच पाठव, जसा रोज पाठवतेस तसाच पाठव. पण हे एका आईला कसं सांगायचं? तुझी पोर हवा चावते हे मला ठाऊक आहे, हे तिच्या तोंडावर कसं म्हणायचं? शहनाझ समोर इतकी नीटनेटकी उभी होती, डोक्यावरची ओढणी चापूनचोपून बसवलेली. समजेल तिला, हुशार आहे, असं तिने स्वतःला पटवलं. ड्रायव्हरने हॉर्न दिला, ‘यल्ला खाला, यल्ला!’ आणि ती बसमध्ये चढली.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच थांब्यावर तिला वास आला. तळलेल्या कांद्याचा, तुपाचा, गरम मसाल्याचा. पोरं चढत होती आणि वास वाढत होता. एकाच्या हातात डब्याबरोबर फळांची वेगळी डबी. एकीला आईने नवा कोरा टिफिन दिलेला, त्याला दुकानाचं लेबल तसंच चिकटलेलं. फिरदोसने एका मुलाला विचारलं, ‘आज काय आहे रे?’

‘इन्स्पेक्शन, खाला. मम्माज् व्हॉट्सॲप ग्रुप.’

शहनाझने बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं होतं. तिथून बातमी दुसऱ्या बिल्डिंगमध्ये, तिथून सगळ्या पालकांत. आणि पोरांच्या आयांनी जे करायचं तेच केलं. आपल्याकडे पाहुणा डोकावणार म्हटल्यावर कुठली बाई पातेलं रिकामं दाखवेल? कुणी महिनाभर पुरवायची कोंबडी एकदम काढली, कुणी शेजारणीकडून कोळंबी आणली, कुणी किराणावाल्याकडे उधारी वाढवली. लाज राखायची ती अशीच. उमैमा चढली तेव्हा तिचाही डबा जड होता.

शाळेच्या गेटवर मॅडम पाहुण्यांचं स्वागत करत होत्या. आता सांगून उपयोग नव्हता.

ट्रस्टतर्फे युसुफभाई आले होते. शारजाच्या रोल्ला बाजारात कापडाचं मोठं दुकान, पांढरी दाढी, बोलणं मृदू. माणूस वाईट नव्हता. मधल्या सुट्टीत ते वर्गावर्गातून फिरले, पोरांशी वाकून बोलले. झाकणं उघडत गेली. बिर्याणी, कोळंबीचा पुलाव, पुरी आणि शिरा, कटलेट, तुपातली खीर. मॅडमचा चेहरा पांढराफटक पडत चालला होता. युसुफभाईंचा मात्र खुलत होता.

‘माशाल्ला, मॅडम! आपके बच्चे तो बहुत अच्छा खाते हैं.’

फिरदोसला राहवलं नाही. ‘साहेब, रोज ऐसा नहीं होता. आज आप आनेवाले थे करके...’

ते हसले. तिच्या वयाचा मान राखून म्हणाले, ‘खाला, हर स्कूल यही बोलता है. हमारे पास जितना है, जहाँ ज़्यादा ज़रूरत है वहाँ जाएगा ना?’

ते दाराकडे वळले. आता गेले की संपलं. फिरदोसने आयुष्यात कुणा पोराला चारचौघांत उघडं पाडलं नव्हतं, पण त्या क्षणी तिने उमैमाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला उभं केलं. तिला स्वतःची शरम वाटली, तरी तिने विचारलं.

‘इसको पूछो साहेब. उमैमा, बेटा, घाबरू नको. साहेबांना सांग, काल डब्यात काय आणलं होतंस?’

उमैमाने खालाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या पोरींकडे. हनुवटी वर केली.

‘बिर्याणी,’ ती म्हणाली.

‘आणि परवा?’

‘एव्हरी डे बिर्याणी.’

युसुफभाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ते गेले. मॅडम त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी फिरदोसला विचारलं, ‘कुणी सांगितलं बाहेर?’ फिरदोस म्हणाली, ‘मी.’ ‘दुसऱ्या शाळेला देतायत ते,’ मॅडम म्हणाल्या. ‘या वर्षी खलास. परत अप्लाय करता येईल, पण पुढच्या वर्षी.’

फिरदोस वर्गात परतली तेव्हा पोरं चवीने जेवत होती. निदान आज तरी पोटभर खातील, असं तिच्या मनात आलं. उमैमा मात्र डब्याचं झाकण लावून हाताची घडी घालून बसली होती. आत बिर्याणी जशीच्या तशी, वर उकडलेलं अर्धं अंडं.

‘खा की ग आता. गेले ते.’

‘नो, खाला.’

‘का?’

‘मम्मी सेड ओन्ली शो. डोन्ट ईट. इट्स फॉर डिनर. फॉर पप्पा ऑल्सो.’

फिरदोसने आपली भाकरी काढली. त्या दिवशी तिने तिला बोळात नेलं नाही. नियम गेला खड्ड्यात म्हणत ती तिथेच बाकावर बसली आणि सगळ्या वर्गासमोर, कोंबडीच्या वासात, तिने पोरीला कोरडी भाकरी भरवली. पोर तुकडा तोंडात घ्यायची आणि डब्यावरचा हात काढायची नाही.

दुपारी बिल्डिंगखाली शहनाझ वाट बघत उभी होती. डोळे जागरणाने सुजलेले, चेहरा मात्र फुललेला. पोरीच्या हातातून तिने आधी डबा घेतला, उघडून आत बघितलं, हाताने वजन घेतलं आणि समाधानाने झाकण लावलं.

‘दाखवलास ना ग सगळ्यांना?’ तिने उमैमाला विचारलं. पोरीने मान हलवली. मग शहनाझने पुढे होऊन फिरदोसचे दोन्ही हात धरले.

‘खाला, तुमचे उपकार कसे फेडू? वेळेवर सांगितलंत म्हणून बरं. नाहीतर एवढ्या मोठ्या माणसांसमोर माझ्या पोरीचा डबा रिकामा निघाला असता.’

फिरदोसला हात सोडवून घेता येईना. मागून ड्रायव्हर हाका मारत होता, बसमधली पोरं खिडकीतून बघत होती.

‘परत कधी येणार आहेत ते?’ शहनाझने विचारलं. ‘आधी कळवा हं, इन्शाल्ला. पुढच्या वेळी मटण करीन.’