घोडीच्या जागी उभा राहणारा

मंगळवारी वडील वारले. त्यांची वरातीची घोडी पांढुर्ण्याला बहिणीकडे न्यायची होती. सौंसरचा एक मिस्त्री जुन्या व्हॅन घोड्यांसाठी बदलून विकतो. मी नवा रंग दिलेली व्हॅन निवडली. मिस्त्री मागे घोडीच्या जागी चढला, काही न धरता उभा राहिला.

"चालवा मास्तर, लोधीखेड्याकडं."

पहिल्याच वळणावर तो पडला. गुडघा चोळत हसला.

"खालच्या पत्र्यावर पाय घसरून राहिले. पाय मोडला तं घोडी गेली. थे काई बोलून नाही राहिली नं, म्हणून मीच पडून पाहतो."

दुसऱ्या, फिकट व्हॅनमध्ये तळाला रबर होतं. तीत तो पडला नाही. तीच घेतली.

घोडी पांढुर्ण्याला चारही पायांवर उतरली. वडिलांचं म्हणावं असं आता तेवढंच आहे.