गुढीत अडकलेला समुद्र

माझ्या या सगळ्या उद्योगात मला मदत केली ती एकट्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढची हकीकत ऐकून कुणाचा तसा समज होणार नाही.

माझं माहेर मालवणच्या अलीकडचं. दारात समुद्र, आणि दादाची, म्हणजे थोरल्या भावाची, मासेमारीची होडी. मला दिली छत्रपती संभाजीनगरला, जिथं नळाला पाणी आलं की गल्लीत सण असतो! इथं मला काही कमी नाही, माणसं सोन्यासारखी आहेत. पण दादा समुद्रावर गेला की लाटा माझ्या पोटात उठतात. मोबाईलवर हवामान बघावं, तर ढगाचं एक चित्र आणि खाली दोन थेंब. तेवढ्यावर सख्खा भाऊ कसा सोडायचा?

"दिसतंय की त्यात सगळं," नवरा म्हणाला.

"त्यातला ढग खरा नाही. मला खरा बघायचाय."

"आणि तो कुठून आणणार?"

"उपग्रहाकडून."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

पण खरंच असतं तसं! हवामानाचे उपग्रह डोक्यावरून जाता जाता खालचे फोटो पाठवत असतात, आणि ते कुणालाही घरात पकडता येतात. लागतं काय? ॲल्युमिनियमच्या दोन दांड्या, पेनड्राइव्हएवढा रिसीव्हर, वायर आणि नवऱ्याचा जुना लॅपटॉप. मी आठवीत शाळा सोडलेली, आणि व्हिडिओ सगळा इंग्रजीत! त्या माणसाचं बोलणं सोडून दिलं आणि नुसते हात बघत शिकले, विणकाम शिकतात तसं. दांड्या आधी उभ्या बसवल्या, तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग आडव्या केल्या.

उंच काठीची अडचण आत्याबाईंनी सोडवली. "ही घे. वर्षभर माळ्यावर पडून राहती. तुझ्या कामाला तरी येईल."

काठी गच्चीच्या कठड्याला बांधली, टोकाला पट्टीवर बसवलेल्या दांड्या. आणि एका सकाळी ओळीमागून ओळ करत फोटो उतरायला लागला. पांढरे ढग, काळाभोर समुद्र, आणि त्याला खेटून माझी किनारपट्टी! गाव काही दिसत नव्हतं. पण मी जिथं बोट ठेवलं, तिथं ते होतंच.

आत्याबाई वैजापूरच्या. समुद्र त्यांनी कधी बघितलेला नाही.

"ह्यो काळा डाग म्हंजी समुद्र व्हय? एवढा?"

"एवढा."

"आन् तुझा भाऊ त्यात होडी घालतो? येडा हाय का?"

पण त्या दिवसापासून गल्लीत बोभाटा केला तो त्यांनीच. "आमची सून आभाळ खाली उतरवती!" बायका विचारायला येऊ लागल्या, कुरडया घालू का, गाद्या उन्हात टाकू का? मला न विचारताच आत्याबाई सांगून मोकळ्या, "घाल बिनधास्त!" (कुरडया भिजल्या की बोलणी मात्र मी खायची.)

मग पाडवा आला. आदल्या दिवसापासून टीव्हीवर अवकाळीच्या बातम्या, दादा समुद्रावर, आणि त्याचा फोन बंद. सणाच्या घरात रडगाणं नको म्हणून मी कुणाला बोलले नाही. नवरा सकाळीच कंपनीत गेला. मी पुरण वाटत होते आणि एक डोळा घड्याळावर. उपग्रहाची वेळ झाली, लॅपटॉप उघडला, तर काळी पाटी! ढग नाही, किनारा नाही, अख्खा अरबी समुद्र बेपत्ता! पुरणाच्या हातांनीच गच्चीवर धावले.

माझ्या अँटेनाला कुणीतरी जरीची साडी नेसवली होती. डोक्यावर तांब्या पालथा, गळ्यात साखरेची गाठी, कडुलिंब, झेंडूचा हार. जर आणि तांब्या, दोन्ही धातूच; मग फोटो येणार कुठून? समोर आत्याबाई हात जोडून उभ्या.

"आत्याबाई, हे काय केलंत?"

"गुढी उभारली. काठी गुढीचीच हाय ना ती?"

बरोबरच होतं! वर्षभर माळ्यावर पडून राहणारी काठी दुसरी कशाची असणार?

"आन् तुझ्या दांड्यांवर साडी लई झ्याक पसरली बघ. आता दरसाल लावत जाऊ."

मला रडू फुटलं. "दादा समुद्रावर आहे. फोन लागत नाही. मला फक्त वरून बघायचं होतं."

"आधी का नाय सांगितलंस?"

"सण होता..."

"सण तुझ्या भावापरीस मोठा हाय व्हय? परत कवा येतो तुझा उपग्रह?"

"दीडेक तासानं. जरा समुद्राच्या अंगानं."

गुढी तर संध्याकाळपर्यंत उतरवायची नाही, आणि गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांची नजर आमच्याकडं. आत्याबाईंनी पदर खोचला. "गुढी ऱ्हाऊ दे. तिच्या पोटातनं दांड्या तेवढ्या काढ."

मी स्टुलावर चढून साडीत शिरले आणि पट्टीसकट दांड्या सोडवून आणल्या. "पण आता बांधू कशाला?"

"बांधायच्या कशाला? मी धरते की!"

वेळ झाली. लॅपटॉप मी गच्चीवरच आणला. पाडव्याची नवी साडी नेसलेल्या आत्याबाई प्लास्टिकच्या स्टुलावर उभ्या, दोन्ही हात वर, हातात अँटेना. पलीकडच्या गच्चीवरून शबानाभाभींनी हाक मारली, "काकू, क्या कररें वो?"

"समुद्र धरायले!"

"मिला तो हमकू भी बताओ!"

"हलू नका, आत्याबाई!"

"नाकावर माशी बसली गं."

"बसू द्या!" (सासूला असं सांगणारी या गल्लीत मी पहिलीच!)

ओळीमागून ओळ उतरू लागली. किनारा आला. समुद्र स्वच्छ, काळा, वर ढगाचा ठिपकाही नाही. ढग सगळे आमच्याच डोक्यावर! मी माझ्या ठिकाणी बोट ठेवलं. त्या उपग्रहाला तेव्हा वरून मी आणि माझं गाव दोन्ही एकदम दिसत होतं. लग्न झाल्यापासून मला ते दोन्ही असं एकत्र कधी दिसलेलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. माझी आई. "अगो, दादा काल रातीच इलो. पाडव्याक घराक येवक नको? मोबाइल पाण्यात पडलो त्याचो. अजून निजलो हा."

"मग कालच का नाही सांगितलंस?"

"मोबाइल पडलो म्हटलंय, तर तू काळजी करशीत म्हणान!"

मी हसत होते, रडत होते, गाव कुरवाळत होते. किती वेळ गेला कोण जाणे. मागून बारीक आवाज आला, "पोरी, आता हात खाली घेऊ का?"

हे उपकार मी एक दिवस फेडणार आहे. आत्याबाईंना माहेरी नेणार, घोट्याएवढ्या पाण्यात उभं करणार, आणि त्यांचं मन भरेपर्यंत समुद्र बघू देणार. अडचण एकच. घाटाच्या पहिल्या वळणाला मला बस लागते. मग पिशवी धरायला, पाठ चोळायला, लिंबू हुंगवायला शेजारी आत्याबाईच! म्हणजे मी उपकार फेडायला निघालेली, आणि समुद्र दिसायच्या आत आणखी चार डोक्यावर घेऊन बसलेली असेन.