रोसेन्दोची अकरा मिनिटं

चान्यार कालव्यावर कुणाच्या द्राक्षांना पाणी कधी मिळणार हे देव ठरवत नाही, देल्मिरा ठरवते. आमच्या मेन्दोसात पाऊस क्वचितच फिरकतो. जे पिकतं ते डोंगरावरच्या बर्फाच्या पाण्यावर, आणि ते पाणी आठ दिवसांतून एकदा, मिनिटं मोजून, एकेका मळ्यात सोडतात. मळे बत्तीस, पाळ्या बत्तीस. त्यांचा तक्ता गेली नऊ वर्षं देल्मिरा करते. बाई नाकावर माशी बसू देत नाही. "पाच मिनिटं वाढव ना गं" म्हणत कुणी कचेरीच्या खिडकीशी आलंच, तर ती चष्म्यावरून अशी बघते, की माणूस आणलेली अंजिरं तिथेच ठेवून काढता पाय घेतो. अंजिरं मात्र ती परत करत नाही.

तक्ता मूळचा रोसेन्दोचा, तिच्या नवऱ्याचा. तो कालव्याचा तोमेरो होता. म्हणजे पाण्याची दारं उघडायची, बंद करायची आणि दोन्ही वेळा शिव्या खायच्या. कचेरीत संगणक आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, यावर आता माते, म्हणजे आमच्या कडवट चहाची, किटली ठेवायची सोय झाली. पण रोसेन्दोनं दोन हिवाळे त्याच्यासमोर काढले. फावड्याला सरावलेली ती बोटं, एका वेळी तीन कळा दाबायची. तरी एका सकाळी त्यानं हाक मारली, "म्हातारे, इकडे ये! इथं एकाची मिनिटं बदलली की खालच्या सगळ्यांच्या वेळा आपोआप सरकतात!" देल्मिरा माते भरत म्हणाली, "हो का? मग आता शिव्याही आपोआप खाईल का तो?" तो इतका हसला की माते सांडली. त्या दिवसांत आपण किती सुखी होतो, हे तिला फार उशिरा कळलं.

तक्त्यात जागोजागी चौकटीच्या कोपऱ्यात लाल टिकली असे. तिच्यावर बाण नेला की पिवळा कागद उघडायचा आणि त्यात रोसेन्दो बोलायचा. "अन्सेल्मो डाव्या कानानं बहिरा. उजवीकडून ओरडावं." "हे दार अडकतं. लाथ घालावी, पण मालकीणबाई बघत नसताना." तो गेला तेव्हा घरात त्याचा आवाज कुठेच साठवलेला नव्हता. होते ते हे पिवळे कागद. तक्ता तिच्याकडे आला आणि ती ते रोज वाचू लागली, काम नसलं तरी.

म्हणून यंदा द्राक्षांची तोडणी संपल्यावर पाणी खात्याची यामिला तक्त्याच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती घेऊन आली, तेव्हा देल्मिरानं तिला आधी खुर्चीच दिली नाही.

"देल्मिराबाई, हा प्रोग्रॅम माझ्या शाळेच्या काळातला आहे," यामिला म्हणाली. "मे महिन्यापासून याची फाईल आमच्याकडे उघडणारच नाही."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर चान्यारचा तक्ता शहरातून निघेल."

"शहरातून! तिथल्या साहेबाला अन्सेल्मोचा बहिरा कान कुठला, हे तरी माहीत आहे का?" मग तिचा आवाज जरा खाली आला. "मुली, खरं सांग. ते पिवळे कागद नव्यात येतात का?"

"बहुतेक येतील."

या 'बहुतेक'नं देल्मिरा कात्रीत सापडली. नाही म्हणावं तर तक्ता जाणार, हो म्हणावं तर कदाचित रोसेन्दो जाणार. दोन दिवस ती सगळ्यांवर करवादत राहिली. तिसऱ्या दिवशी यामिलाच म्हणाली, "जुन्याला हात लावत नाही. आधी एक प्रत माझ्या लॅपटॉपवर करून बघू, मग ठरवा."

प्रत उघडली. आकडे जागच्या जागी होते. पिवळे कागद मात्र दिसेनात. देल्मिरा उठलीच. "थांबा हो," म्हणत यामिलानं काहीतरी दाबलं आणि पडद्याच्या उजव्या कडेला रोसेन्दोची सगळी टिपणं एकाखाली एक येऊन उभी राहिली. देल्मिरा मटकन बसली आणि वाचू लागली. सगळी पाठच होती. पण शेवटचं टिपण तिला माहीत होतं तिथे संपेना.

"फुनेस बंधू शेवटचे. त्यांच्याआधी कालव्याचा तळ वाळूचा, पाणी पितो. म्हणून अन्सेल्मोची अकरा मिनिटं त्यांना." नऊ वर्षं तिनं एवढंच वाचलं होतं. जुना पिवळा कागद तेवढाच उघडायचा. खाली आणखी होतं: "म्हातारे, तळ सिमेंटचा झाला की अन्सेल्मोचं त्याला परत दे. दर आठवड्याला भांडतो आणि त्याचं खरं आहे."

तळ सिमेंटचा होऊन आठ वर्षं झाली होती. काम चालू असताना देल्मिरानंच गवंड्यांना माते पाजली होती. पण रोसेन्दोनं घातलेला आकडा, तो बदलायचा असतो हे तिच्या मनातही आलं नाही.

ती तशीच अन्सेल्मोच्या मळ्यावर गेली. तो दाराशी ऑलिव्ह निवडत बसला होता. तिनं उजवीकडून सगळं सांगितलं.

"माहीत होतं," तो म्हणाला.

"माहीत होतं? मग तोंड शिवलं होतं का? मिनिटामिनिटाला भांडणारा तू!"

"तळ बांधला तेव्हा आलो होतो कचेरीत. तू पडद्यासमोर बसली होतीस, त्याचं काहीतरी वाचत, एकटीच हसत." त्यानं एक ऑलिव्ह फेकून दिलं. "परत आलो. म्हटलं, राहू दे."

"आणि तुझी ती वेलींची शेवटची ओळ? बांधाजवळची, माल्बेक द्राक्षांची?"

"ती सुकली. चार वर्षांपूर्वी उपटली." मग तिच्याकडे बघून घाईनं म्हणाला, "तशी ती म्हातारीच होती गं."

अन्सेल्मोच्या बापानं लावलेली ओळ ती, हे अख्ख्या कालव्याला ठाऊक आहे. देल्मिराला रडू आवरेना, आणि अन्सेल्मोला बायकांच्या रडण्याचं काय करतात ते कधीच कळलेलं नाही. त्यानं तिच्या हातात ऑलिव्हची बरणी दिली.

कचेरीत येऊन ती यामिलाला म्हणाली, "घाल तुझं ते नवं." दुपारपर्यंत काम झालं. मग देल्मिरानं स्वतः फुनेस बंधूंची अकरा मिनिटं काढली आणि अन्सेल्मोला दिली. अन्सेल्मोच्या खालच्या सगळ्यांच्या वेळा सरकल्या.

"हे टिपण आता काढून टाकू?" यामिलानं विचारलं. "काम झालं त्याचं."

"नको. त्याच्याखाली लिहिता येतं का?"

"येतं की. उत्तर देता येतं."

नऊ वर्षांत देल्मिरानं तिथे एक अक्षर लिहिलं नव्हतं. तिनं एकेक कळ शोधून लिहिलं: "दिली, रोसेन्दो. आठ वर्षं उशीर झाला. तू पूर्ण सांगितलं होतंस, मीच अर्धं ऐकलं."