काकूंच्या हातची चव

"काकूंच्या हातची चव म्हणजे काय विचारता!" असं कुणी म्हणालं की माझं डोकं अजूनही सणकतं. लोकांना वाटतं, आईचं कौतुक चाललंय, हिला गोड वाटायला हवं. गोड कसलं डोंबल! त्या कौतुकाच्या जोरावर माझ्या आईला आठवडाभर इटलीत पोळ्या लाटायला लावल्या, आणि तेही माझ्याच माणसांनी.

आई तीन महिन्यांसाठी माझ्याकडे जर्मनीत, रेगेन्सबर्गला आली होती. बाबा जाऊन वर्ष होत आलं होतं. त्याआधी कितीतरी वर्षं ते अंथरुणाला खिळून होते आणि आईचं जग म्हणजे औषधं, पथ्याचं जेवण आणि आल्यागेल्याचा चहा. त्याच्याही आधी सासर, दीर, नणंदा, सणवार. आमच्या घरी कार्य असलं की आई कायम शेवटच्या पंगतीला. भाजी संपलेली, वरण गार, ताटात जिलबीचा चुरा. ती कधी तक्रार करायची नाही, आणि ती करत नाही याचा मला लहानपणापासून राग.

म्हणून मी ठरवलं होतं, तिला एकदा तरी सुट्टीवर न्यायचं. माझा नवरा आणि त्याचे दोन मराठी मित्र दर उन्हाळ्यात कुटुंबांसकट एकत्र कुठेतरी जातात. या वेळी टस्कनीतलं एक शेतघर ठरलं होतं. द्राक्षांचे मळे, ऑलिव्हची झाडं, एक छोटा पोहण्याचा तलाव, आणि मुख्य म्हणजे मालकीणबाई रोज रात्रीचं जेवण देणार होत्या. मी त्यांना स्वतः फोन केला होता. बाई तरुणपणी म्युनिकला हॉटेलात काम करायच्या, त्यामुळे जर्मन उत्तम. माझी आई अंडंसुद्धा खात नाही, हे मी त्यांना नीट समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "काळजी करू नका, भाज्या माझ्या शेतातल्याच आहेत."

आईला मी बजावलं, "आठ दिवस तू गॅसला हात लावायचा नाहीस."

"आणि खाऊ काय? हवा?"

"बसून खायचं. गरम. दुसऱ्यानं वाढलेलं."

ती हसली. पण मग तिने बॅगेत एक नवी इरकली साडी ठेवली, मी पाहिलं. "तिथे जेवायला जायचं ना रोज," म्हणाली. एवढंच मला तिला द्यायचं होतं. ताजमहाल मागत नव्हते मी कुणाकडे.

आता दोन मित्रांपैकी एकाची ओळख करून देते. हा हेर्त्सोगेनआउराखला राहतो, तिथल्या एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे, आणि सुट्टीचाही प्रोजेक्ट करतो. कोण कुठल्या खोलीत, कुठल्या दिवशी कुठलं गाव, सगळं त्याच्या हातात. मी त्याला आयोजकच म्हणते. दुसरं कुटुंब बर्लिनचं, त्यांना सगळंच चालतं. तीन जोडपी, चार मुलं आणि आई, असे आम्ही अकरा जण.

ब्रेनरचा घाट ओलांडून, उन्हात भाजून निघत आम्ही संध्याकाळी पोचलो. आयोजक आधीच आला होता. त्याने हसत हसत गाडीची डिकी उघडली आणि मी जागच्या जागी थिजले. आत पाच लिटरचा कुकर, पोळपाट-लाटणं, तवा, मसाल्याचा डबा आणि कणकेचं पोतं.

"सरप्राइज!" तो म्हणाला. "काकू येणार म्हटल्यावर मी मालकीणबाईंची जेवणं कॅन्सल करून टाकली. रोज रोज पास्ता कोण खाणार? काकूंच्या हातची चव असताना!"

तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "कुणाला विचारून?"

"अगं, विचारायचं काय त्यात? काकू आपल्याच आहेत की. काय हो काकू?"

आणि आई काय म्हणाली? "हो हो, त्यात काय, दोन पोळ्या तर लाटायच्या."

मी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. पाहुण्यांसमोर नाही म्हणणं तिला येतच नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही. आणि हे त्या आयोजकाला पक्कं ठाऊक होतं. आपल्याकडच्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतं, कुठल्या बाईला 'काकू' म्हटलं की ती उठून कणीक मळायला घेते.

त्या रात्री दोन पोळ्या नव्हत्या, चाळीस होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे, दुपारी छोले, रात्री पिठलं-भात. तिसऱ्या दिवशी मुलांना बटाटेवडे हवे झाले. बाहेर अंगणात अक्रोडाच्या झाडाखाली लांबलचक टेबल होतं, त्यावर सगळे बसायचे, वाइनच्या बाटल्या उघडायचे, "चला, हीच खरी सुट्टी!" म्हणायचे, आणि स्वयंपाकघराच्या दारातून आई एकेक गरम पोळी घेऊन ये-जा करायची. "काकू, तुम्ही पण बसा ना," असं अधूनमधून कुणीतरी म्हणायचं, पुढची पोळी ताटात पडत असताना. टेबलापाशी आधी दहाच खुर्च्या होत्या. दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी कुठूनशी अकरावी आणून ठेवली. तिच्यावर मुलांचे ओले टॉवेल वाळत पडायचे.

आई सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी उभी राहून जेवायची. तुटकी पोळी, पातेल्याच्या तळाचं पिठलं. इरकली साडी बॅगेतच होती.

मी काही गप्प बसले नव्हते. पोळ्या मी करायला घेतल्या, तर बर्लिनवाली म्हणाली, "तू राहू दे गं, काकूंच्या पोळ्यांची सर नाही येत." आणि आईने माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं! मी आईला घेऊन शेजारच्या गावात जेवायला निघाले, तर आयोजकाने गाडीच्या खिडकीतून डोकं आत घालून विचारलं, "मग रात्री काय बेत, काकू?" आईने तिथे निम्मं जेवण टाकलं, कारण तिला राजमा भिजत घालायचा होता. त्याच्या बायकोने रोज एक कांदा चिरला आणि डोळ्यांतून पाणी आल्याचे फोटो ग्रुपवर टाकले, 'काकूंची असिस्टंट' म्हणून. नवऱ्याला सांगितलं तर म्हणे, "जाऊ दे ना, आईंना आवडतं ते. तू उगाच सगळ्यांची सुट्टी नासवू नकोस." सगळ्यांची! त्या सगळ्यांत आई धरलीच नव्हती त्याने. मी त्याला तसं सुनावलं, तर कूस बदलून झोपला.

आणि आईवरही मी चिडले. "तुला बोलता येत नाही का गं? तोंड दिलंय ना देवाने?" ती म्हणाली, "पोरं कौतुकाने खातात, आणि तू कशाला तोंड वाकडं करतेस?" पण बोलताना ती पाठीला हात लावून उभी होती, तेही मी पाहिलं.

पाचव्या दिवशी मी भांडी विसळत असताना मालकीणबाई टोमॅटोची टोपली घेऊन दारात आल्या. आई मागच्या बाजूला कपडे वाळत घालत होती. बाई जरा घुटमळल्या, मग जर्मनमध्ये म्हणाल्या, "एक विचारू? जेवणं रद्द झाली तेव्हाच मी समजले, तुमच्या आई येत नाहीत. तुमची ही स्वयंपाकीणबाई फार मेहनती आहे. पण ती कधी बसून जेवताना दिसत नाही. मी खुर्ची आणून ठेवली, तीही रिकामीच असते. आमच्याकडे कामाची माणसं आमच्याच टेबलावर जेवतात. उद्या दुपारी तिला आमच्याकडे जेवायला पाठवाल का? तुमची हरकत नसेल तर."

तुमची हरकत नसेल तर! मी नळ बंद केला.

"ती माझी आई आहे," मी म्हटलं.

बाईंनी तोंडावर हात ठेवला. तीन-तीनदा माफी मागितली. त्या बिचारीचं काय चुकलं होतं? तिने जे दिसलं तेच बोलून दाखवलं. दहा माणसं बसून खातायत, एक उभी राहून वाढतेय आणि उरलंसुरलं खातेय. जगातल्या कुठल्याही माणसाला हे नातं काय वाटेल? 'आई' कुणाला सुचेल?

आई आत आली. "काय म्हणत होती गं ती?"

मला सारवासारव करता आली असती. पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. "उद्या दुपारी तुला जेवायला बोलावलंय."

"मला एकटीला? का?"

"तिला वाटलं, तू आमची स्वयंपाकाची बाई आहेस. घरून बरोबर आणलेली."

आईने हात पदराला पुसले. मग पुन्हा पुसले, कोरडे असून. मला वाटलं, रडेल. कशाला बोलले असं झालं. ती खिडकीतून बाहेर त्या टॉवेल टाकलेल्या खुर्चीकडे बघत राहिली.

"किती वाजता बोलावलंय?" तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी आईने सकाळचा चहा तेवढा केला. मग अंघोळ करून इरकली साडी नेसली, वेणी घातली, आणि ऑलिव्हच्या झाडांमधल्या पायवाटेने मालकीणबाईंच्या घराकडे निघून गेली. कुणाला सांगितलं नाही. सगळे तलावावर होते.

दीडच्या सुमाराला मंडळी ओल्या अंगाने आत आली. गॅस बंद, ओटा लख्ख.

"काकू कुठायत?" आयोजकाने विचारलं.

"जेवायला गेल्यात."

"जेवायला? कुठे?"

"बोलावलंय तिथे."

त्याला ती गंमत वाटली. "असं कसं, मुलांना भुका लागल्यात!" म्हणत तो तसाच, गळ्यात टॉवेल टाकून, पायवाटेने निघाला. मीही मागोमाग गेले. म्हटलं, बघू तरी हा काय बोलतो.

मालकीणबाईंच्या स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. टेबलाशी त्यांचे म्हातारे सासरे, ट्रॅक्टर चालवणारा माणूस, दोन कामकरी बायका, आणि मधोमध माझी आई. पुढ्यात पांढऱ्या घेवड्याची उसळ, तेलात परतलेली पालेभाजी, जाड पाव. मालकीणबाई तिला वाढत होत्या. आई हाताने जेवत होती, सावकाश, मांडीवर रुमाल पसरून.

"काय काकू," आयोजक दारातूनच हसत म्हणाला, "आमचं काय मग?"

आईने घास संपवला. "भात लावा," ती म्हणाली. "कुकर तुमचाच आहे."

आणि ती पुन्हा जेवायला लागली.

परतताना पायवाटेवर तो मला म्हणाला, "तू भरवलंस ना काकूंच्या मनात? आम्ही त्यांना आईसारखं मानतो, माहितीये तुला." झालं! आठवडाभर दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. मी म्हटलं, "तेच तर दुखणं आहे! आईसारखं मानता म्हणून राबवता. परक्या बाईला असं राबवलं असतंस तर तिने पगार मागितला असता, रविवारची सुट्टी मागितली असती. तुझ्या ऑफिसात कुणी शुक्रवारी संध्याकाळी फोन केला तर तू मला फाइराबेंडचे, कामाची वेळ संपल्याचे, नियम ऐकवतोस. माझ्या आईचा कामाचा दिवस कधी संपतो रे? सांग ना!" आवाज एवढा चढला होता की बर्लिनवाली धावत आली. मला म्हणाली, "शांत हो गं, मुलं ऐकतायत." म्हटलं, ऐकू देत, त्यांनी तर ऐकायलाच हवं.

भात नवऱ्याने लावला. करपला. सगळ्यांनी तोच खाल्ला. उरलेले दोन दिवस पाव आणि चीजवर निघाले, कुणी कुणाशी धड बोललं नाही. आईला जेवणाच्या वेळेला मालकीणबाईंकडून हाक यायची, आणि ती जायची.

परतीच्या वाटेवर गाडीत मी तिची माफी मागितली, त्या बाईंच्या बोलण्याबद्दल. आई खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "ती बाई सारखी ताटाकडे बघायची गं माझ्या. संपलं की लगेच खुणेने विचारायची, अजून हवं का? पहिल्या दिवशी मला कळेचना काय उत्तर द्यायचं." घाट मागे पडल्यावर तिने आणखी सांगितलं, "मग मी म्हटलं, हवं."

रेगेन्सबर्गला परतून पंधरा दिवसही झाले नव्हते, तर आयोजकाचा फोन. आवाज असा, जसं काही झालंच नाही. त्याच्याकडे गणपती बसणार होते, तीस-एक माणसं येणार होती. "काकू आहेत ना अजून? दे जरा. मोदकांचं बोलायचं होतं." मी तोंड उघडणार तेवढ्यात आईने हाताने मला थांबवलं आणि स्पीकर लावायला सांगितला.

"काकू, या वेळी उकडीचे मोदक तुमच्याच हातचे हवेत हं! त्या चवीला तोड नाही."

"मोदक ना?" आई म्हणाली. "करा की. आम्ही येतो जेवायला. आणि मला पहिल्या पंगतीला बसवा. बसवाल ना?"

आई फोनकडे बघत, उत्तराची वाट बघत, खुर्चीत बसून राहिली.