पाणी माझं तोडायचं होतं...

गेल्या महिन्यातला रविवार. नेकनूर. सकाळी उठून भीत भीत नळ सोडला, तर पाणी आलं... आणि तेही चांगलं धो धो. मी बघतच राहिले. कारण माझं पाणी घरमालकांनी आदल्या संध्याकाळीच तोडलं होतं!

सांगते. मी इथे बँकेत नोकरीला. वरच्या मजल्यावर एकटी भाड्याने राहते, खाली घरमालक काका, काकू आणि त्यांची मुलगी पल्लवी. काका माणूस तसा वाईट नाही... फक्त शेजाऱ्याने भाडं वाढवलं की यांची झोप उडते.

करार अकरा महिन्यांचा, अजून अर्धाही झाला नव्हता. तरी एक दिवस काका दारात हजर. "भाडं वाढवा, न्हाईतर खोल्या खाली करा. अन् डिपॉझिटचं आत्ताच सांगून ठिवतो, भिंतीला खिळे ठोकलेत तुमी."

एकच खिळा आहे हो. त्याला कॅलेंडर लटकवलंय... जे काकांनीच दिलंय.

हसण्यावारी नेलं, पण आतून धास्तावले होते. एकट्या बाईला घर देताना लोक आधी दहा प्रश्न विचारतात, त्यात एवढ्याशा गावात दुसरं मिळणार कुठे? बीडच्या ओळखीच्या वकील ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, करार आहे तोवर ठरलेलंच भाडं. आणि त्रास द्यायला म्हणून भाडेकरूचं पाणी, लाईट तोडता येत नाही, तोडलं तर सरळ कोर्टात जाता येतं.

मी अगदी नम्रपणे हे सगळं काकांच्या कानावर घातलं. काका म्हणाले, "मंग जा की वकीलबाईच्याच घरी राह्यला!"

आणि शनिवारी संध्याकाळी गच्चीवर प्लंबर आला. माझ्या खिडकीतून वरचं सगळं ऐकू येत होतं.

"काका, ही लाईन खालची वाटायलीय."

"मला शिकवतो का बे? घर म्या बांधलंय. काप अन् लाव बूच!"

मला काय, काकांवर पूर्ण विश्वास. त्याआधीच मी बादल्या, पातेली, कुकर... अगदी फराळाचे डबेसुद्धा भरून ठेवले होते.

तर रविवारी सकाळी माझा नळ धो धो, आणि खालून काकूंचा आवाज... "अवो! मोरीत बी पाणी न्हाई अन् संडासात बी न्हाई! काय करून ठिवलं तुमी?"

त्यात त्याच दिवशी पल्लवीला बघायला माजलगावहून पाहुणे येणार होते. प्लंबर दिंद्रुडला लग्नाला गेलेला, फोन बंद.

थोड्या वेळाने काकू बादली घेऊन वर आल्या. नजर जमिनीला. "मॅडम, थोडं पाणी देता का... ह्यांनी आपलंच तोडलंय."

एक क्षण मनात आलं, 'करार बघून सांगते' म्हणावं. पण मला ताप आला होता तेव्हा याच काकू रोज गरम भाकरी घेऊन वर यायच्या. मग काय, बादल्या खाली गेल्या, पातेली गेली, फराळाचे डबेही गेले. मीही पदर खोचून जिन्यावरून ये-जा करत होते. काका अंगणात उभे, माझ्याकडे न बघण्याचा जोरदार प्रयत्न करत.

पाहुणे आले. मुलगा शांत, पण त्याचे मामा भलतेच बोलके. हातपाय धुवायला नळाऐवजी चकल्यांचा डबा पुढे आलेला बघून त्यांनी विचारलं, "पाण्याची अडचण हाय का?"

"न्हाई न्हाई, पाईपचं काम निघालंय जरा," काका म्हणाले.

मामांनी सुस्कारा सोडला. "तुमचं सोताचं घर हाय, बरं हाय. आमी संभाजीनगरला भाड्यानं राहायचो. मालकानं घर खाली करून घ्यायला पाणीच तोडलं. वरून भिंती खराब केल्या म्हणून डिपॉझिट बी खाल्लं बघा!"

पाहुण्यांपुढे काकांना जोर चढला. "असल्या मालकाला कोर्टात खेचाया पायजे! भाडेकरूचं पाणी तोडताच येत न्हाई, कायदाच हाय तसा!"

मी चहाचा ट्रे घेऊन दारात. माझीच वाक्यं काकांच्या तोंडून ऐकून हसू दाबत मी ट्रे पाहुण्यांपुढे ठेवला.

आणि तेवढ्यात पल्लवी बोलली. मान खाली, हातात पोह्यांची बशी, आवाज अगदी गोड. "बाबा, या आपल्या वरच्या मॅडम. त्यांच्या भाड्याचं, डिपॉझिटचं तुम्ही काय ठरवलंय, ते पण सांगा ना मामांना."

सगळ्यांनी काकांकडे बघितलं. काकांनी पंख्याकडे बघितलं.

"त्यांचं काय... करार संपस्तोवर तेच भाडं. अन् डिपॉझिट जाताना जसंच्या तसं. आपल्याकडं तसली भानगडच न्हाई."

"वा!" मामांनी मांडीवर थाप मारली. "असं घर पायजे सोयरिकीला!"

संध्याकाळी प्लंबर आला, लाईन जोडली. वकील ताईंच्या सल्ल्याने मी काकांनी कबूल केलेलं सगळं लिहूनही घेतलं. काकांनी सही केली आणि पल्लवीकडे अन् माझ्याकडे बघत ते म्हणाले, "लई शिकलेल्या हाव तुमी दोघी."

लग्न ठरलंय. मामा आता येता-जाता डोकावतात आणि आधी जिन्याखालून हाक मारतात, "मॅडम, पाणी येतंय न्हवं?" काका आतून घाईघाईने ओरडतात, "येतंय, येतंय!"

हक्क काय आहे ते मला वकील ताईंनी सांगितलं होतं... तो पदरात मात्र घराच्या मुलीने टाकला, स्वतःच्या बघण्याच्या दिवशी, स्वतःच्या बापासमोर. पल्लवी, तू सासरी गेलीस की हे घर मला फार रिकामं वाटणार आहे गं.